ऊन वगळून स्पेन

मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात माझ्या खुर्चीची चाकं दोनदा बदलून झाली आहेत, आणि माझा सतत हलणारा पाय दिसू नये म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मधे एक कपाट ओढून घेतलंय. अशा बाईला लोकांना सहलीला पाठवायचं काम मिळावं हे ठीकच झालं. फक्त गंमत अशी की इतकी वर्षं हे काम करून मी स्वतः देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. दर रविवारी सकाळी दादरच्या एका हॉलमध्ये मी जमलेल्या मंडळींना एकेका देशाची ओळख करून द्यायचे. पडद्यावर फोटो, माझ्या हातात माईक, शेवटी बटाटेवडा आणि चहा. स्वित्झर्लंड तर मला इतकं पाठ होतं की बोलता बोलता मी मनात घरी न्यायच्या भाजीचा विचार करत असे.

मग आमच्या मालकांच्या डोक्यात स्पेन आलं. जूनमध्ये दहा दिवसांची सहल त्यांनी जाहीर करून टाकली, आणि माहितीसाठी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर येऊन पडलं. मी वाचायला लागले आणि माझ्या कपाळावर आठ्या चढल्या. पान उलटावं तिथे ऊन. उन्हातले किनारे, उन्हात टेबलं मांडून जेवणारी माणसं, वर्षातले बहुतेक सगळे दिवस लख्ख ऊन, आणि हे सगळं कौतुकाने. लंडनच्या माणसाला त्याचं अप्रूप असेल. आमचं गिऱ्हाईक लालबाग, परळ, गिरगाव, दादरचं. ते जन्मभर पदर, छत्री, रुमाल घेऊन उन्हापासून पळत आलंय. पहिली संधी मिळताच ते काश्मीरला जातं, दुसरी मिळाली की स्वित्झर्लंडला. या लोकांना विमानात बसवून मुद्दाम उन्हात नेऊन उभं करायचं, हे मला काही जमेना.

"मॅडम, ऊन काढून टाका," मालक म्हणाले. "सिंपल आहे. ऊन कोण विकत घेतं? बाहेर फुटपाथवर फुकट पडलंय."

मी काढून टाकलं. तापलेली दुपार 'निवांत दुपार' झाली, सूर्यप्रकाश 'प्रसन्न हवा' झाला. एका फोटोत पांढऱ्याशुभ्र भिंतींची गल्ली होती आणि तिच्यावर डोळे दिपवणारं ऊन. त्या फोटोवर आम्ही हलकी निळसर छटा चढवली, तर गल्ली एकदम गारेगार दिसायला लागली. स्पेन माझ्या हातून महाबळेश्वर होऊन बाहेर पडलं आणि खोटं कशाला सांगू, मला माझं कौतुकच वाटलं.

आता आईबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघी गिरगावात फणसवाडीत राहतो, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. वडील जाऊन वीस वर्षं झाली. आईचा आणि उन्हाचा संबंध धंद्याचा. थंडी सरली की चाळीची गच्ची तिची. कुरडया, पोह्याचे पापड, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगी मिरची. जुन्या साड्या अंथरायच्या, कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि कावळ्यांसाठी हातात काठी घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसायचं. चाळीतले लोक थोडी कुरकुर करायचे, पण वर्षाचा पहिला डबा प्रत्येक घरी फुकट जायचा, त्यामुळे ती कुरकुर तोंडातल्या तोंडात राहायची. गिरगावातली कितीतरी घरं आणि दादरला हिंदमाताच्या साडीदुकानांत काम करणाऱ्या बायका ही तिची गिऱ्हाइकं. माझं कॉलेज त्या गच्चीवर पार पडलं.

आई दिवस मोजायची नाही, उन्हं मोजायची. कुरडईला तीन उन्हं, किसाला दोन. मामा गावाहून आला की "चार उन्हं राहील" म्हणायची. सकाळी गॅलरीत येऊन नुसता हात बाहेर धरायची आणि आज काय घालायचं ते ठरवायची. मला तिचा तो हात बघायला आवडायचा, पण तसं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

पूर्वेकडची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला तेव्हा आमचं सकाळचं ऊन गेलं. "कोवळंच असतं ते, जाऊ दे," आई म्हणाली. मग पश्चिमेलाही एक झाला. आता गच्चीवर ऊन येतं साडेअकराला आणि एक वाजता निघून जातं. दोन वर्षं आईने त्या दीड तासाशी झटापट केली. पट्टा सरकेल तशा साड्या सरकवायच्या, अर्धं वाळलेलं खाली आणून पंख्याखाली पसरायचं, घरात पाय ठेवायला जागा नाही. आणि मग गेल्या मे महिन्यात हिंदमाताहून एक डबा परत आला. आतल्या कुरडयांना बुरशी होती. डबा घेऊन आलेल्या बाई चांगल्या होत्या, "होतं असं काकू कधीकधी" एवढंच म्हणाल्या, आणि नेमकं तेच आईला लागलं. त्या संध्याकाळी तिने सगळ्या ऑर्डरी परत केल्या. पुन्हा घेतल्या नाहीत.

त्यानंतर ती बसली. म्हणजे नुसतीच बसली. दिवसातून दहा वेळा गच्चीचे जिने चढणारी बाई दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. हाडं दुखतात म्हणाली म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी रक्त तपासून आठवड्याला एक गोळी लिहून दिली. "काही नाही आजी, उन्हातून मिळतं ना, ते जीवनसत्त्व कमी झालंय," ते म्हणाले. आई त्या गोळीकडे बघतच राहिली. "उन्हाची गोळी? मला?"

मी ऑफिसातून दिवसातून तीन-तीनदा फोन करायला लागले. काय करतेस, विचारलं की ती म्हणायची, "काय करायचं?" फोन ठेवून मी पुन्हा लावायचे. ती आजारी नव्हती, म्हणूनच मला भीती वाटत होती. आजाराला निदान नाव असतं. तिला त्या खोलीतून उठवायचं, कुठेही न्यायचं, इतकंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच मालकांनी सांगितलं की स्पेनच्या सहलीबरोबर मदतनीस म्हणून मी जायचं, घरचं एक माणूस सवलतीत बरोबर आणता येईल. मी त्याच संध्याकाळी आईला विचारलं. "मला काय करायचंय तिकडे?" तिने ठरलेलं उत्तर दिलं. मी हटून बसले. रविवारी हॉलवर ये, माझं बोलणं ऐक, मग ठरव. तिने मला माईकवर कधी ऐकलं नव्हतं. इस्त्रीची साडी नेसून ती आली आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसली.

मी त्या दिवशी रंगात आले होते. राजवाडे, संत्र्यांच्या बागा, नाच, एसी बस, रोज एक वेळ वरण-भात. प्रश्न नेहमीचेच. चहा मिळेल का, उपासाचं काही मिळेल का, स्वेटर किती घ्यायचे. जिना चढावा लागेल का, हे एका काकांनी तीन वेळा विचारलं. आमच्या लोकांना देश कुठलाही चालतो, फक्त त्यात जिना नको. मग तिसऱ्या रांगेतून हात वर झाला. माझ्या आईचा हात.

"तिथे दिवसाला ऊन किती असतं?"

मालक दाराशी उभे होते. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. वर्षानुवर्षांच्या सवयीने माझ्या चेहऱ्यावर ते गिऱ्हाइकासाठीचं हसू आलं आणि मी माईकमध्ये म्हणाले, "अजिबात काळजी करू नका. तिथे उन्हाचा काही त्रास होणार नाही. उन्हात फिरावंच लागत नाही आपल्याला."

स्वतःच्या आईला मी "करू नका" म्हणाले होते. तिने मान हलवली, हात खाली घेतला आणि पुढचा तासभर ती पडद्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत बसली.

परत येताना बसमध्ये मला धीर धरवेना. "मग? काय ठरवलंस?"

"नको गो. सावलीच बघायची तर आपली खोली काय वाईट आहे?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. तिला ऊन हवं होतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये ऊन हवं असलेलं एकच माणूस होतं आणि मी ते तिच्यापासून लपवलं होतं. "अगं आई, ऊन आहे! तिथे ऊनच ऊन आहे," मी इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या सीटवरची बाई वळली. "लोक उन्हासाठीच जातात तिकडे. ते मी आपलं गिऱ्हाइकांसाठी बोलले. तसं बोलावं लागतं."

"आणि आता मला बोलतेयस तेही तसंच."

"नाही! आई, शप्पथ."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी कधी न वाळलेलं वाळलं म्हणून कुणाला दिलं काय? एकदाच गेलं हातून, नकळत, तर धंदा बंद केला."

ती ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, आमच्या घरात ती पद्धत आहे. पण ती शांतपणे बोलली आणि उतरायचा स्टॉप आला तशी माझ्याआधी उतरून चालायला लागली.

त्या आठवड्यात मी काय केलं नाही? मोबाईलवर स्पेनचे फोटो दाखवले. "त्यावर पण रंग चढवला असशील," ती म्हणाली. निळ्या रंगाची हकीकत मीच तिला कौतुकाने सांगितली होती ना. ते इंग्रजी पुस्तक आणून वाचून दाखवलं. "इंग्रजीत काय लिहिलंय ते मला काय ठाऊक." ती रागावलेली नव्हती, आणि त्यानेच माझी जास्त तडफड होत होती. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. तिचा फक्त माझ्या शब्दावरचा विश्वास उडाला होता आणि तो परत कसा आणायचा हे मला उमगत नव्हतं. ऑफिसात मी जिना चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. मला गॅलरीत येरझाऱ्या घालताना बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुणाची वाट बघतेस काय गं?"

शनिवारी मी तिला एवढंच म्हणाले की उद्या पुन्हा बैठक आहे, एकदाच ये, मागे उभी राहा. ती म्हणाली, "मला हिंदमाताला जायचंय, साडी फॉल लावायला दिलीय." पण नाही असंही म्हणाली नाही.

रविवारी हॉल भरला. मी सारखी दाराकडे बघत होते. ती नव्हती. राजवाडे झाले, संत्री झाली, तरी नव्हती. शेवटी 'हवामान' असं लिहिलेला फोटो पडद्यावर आला, निळ्या छटेचा, आणि मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी ती आली की नाही हे बघायचं सोडून दिलं.

"या फोटोवर आम्ही रंग चढवलाय," मी म्हणाले. "खरी गल्ली अशी दिसत नाही. जूनमध्ये तिथे ऊन असतं. कडक. दुपारी तिथली माणसंसुद्धा दारं-खिडक्या लावून घेतात. आणि सूर्य रात्री साडेनऊशिवाय मावळत नाही. हे मी वाचलेलं सांगतेय, मी अजून गेलेले नाही. मी कुठेच गेलेले नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. जिनावाले काका उठले आणि बायकोला खुणावून निघाले. त्यांच्यामागून आणखी एक कुटुंब. लालबागच्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखंच?" मी म्हणाले, "नाही, तिकडचं कोरडं असतं म्हणतात." मालकांचा चेहरा मी बघितला नाही. नंतर ऑफिसात तो निवांत बघायला मिळणार होताच, आणि मिळाला. पुढच्या रविवारपासून स्वित्झर्लंड त्यांनी कपाटापलीकडच्या बाईंना देऊन टाकलं. स्पेनच्या सहलीतून मात्र मला काढलं नाही. मागे राहिलेल्यांनी म्हणे सांगितलं होतं की त्या खरं बोलणाऱ्या मॅडम बरोबर हव्यात.

बटाटेवड्यांच्या गर्दीतून बाहेर आले तर आई जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, हातात हिंदमाताची पिशवी. कधी आली होती देव जाणे.

"साडेनऊ?" तिने विचारलं.

"साडेनऊ."

"मग मेले जेवतात कधी?"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, भर दादरमध्ये. ती पिशवीकडे बघत उभी राहिली. "दहा दिवस म्हणजे दहा उन्हं," ती स्वतःशीच म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.

इतकं सांगूनही आमच्या मंडळींनी स्वेटर आणलेच. विमानतळावर प्रत्येकाच्या हातावर एकेक. मी म्हणाले, अहो, मी काय सांगितलं होतं? लालबागच्या बाई म्हणाल्या, "हो, पण परदेश म्हणजे शेवटी परदेश." एका आजोबांनी तर कानटोपी घातलीच होती. स्पेनमध्ये दहा दिवस ती सगळी लोकर बसच्या वरच्या फळीवर फिरत राहिली.

आई पहिले काही दिवस गुपचूप सगळ्यांबरोबर फिरली. राजवाड्यांपेक्षा तिचं लक्ष गच्च्यांकडे. "एवढं ऊन आणि वर काही घातलेलं नाही," ती दर गावात हळहळायची. मी माणसं मोजत, पाण्याच्या बाटल्या वाटत धावत होते. परतीच्या आदल्या दिवशी आम्ही दक्षिणेतल्या एका लहान गावात होतो. दुपारी जेवून सगळे एसी लावून झोपले. मी याद्या तपासून खोलीत आले, तर आई नाही. न्हाणीघरात नाही, खालच्या मजल्यावर नाही. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं बंद, भिंतींकडे बघवत नव्हतं इतका उजेड. मी पळत दोन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, एका बंद घराच्या पायरीवर, भर उन्हात ती बसलेली दिसली. डोक्यावर आमच्या कंपनीची पिवळी टोपी, बाजूला पाण्याची बाटली, दोन्ही हात मांडीवर मोकळे.

"अगं चक्कर येऊन पडशील! सांगून तरी जायचं!"

"ओरडू नको, लोक झोपलेत," ती म्हणाली. "कसलं कोरडं ऊन आहे गो. दीड दिवसात कुरडई होईल इथे."

मी धापा टाकत तिच्याशेजारी टेकले. पायरीचा चटका बसला. तिला उठवावं म्हणून मी दंडाला धरलं, पण ती हलली नाही.

"जन्मभर उन्हात बसले ती राखण करायला," ती म्हणाली. "आज काही वाळत घातलेलं नाही. तरी उठवत नाही."

मी दंड सोडला. आम्ही तशाच बसलो, किती वेळ ते मी मोजलं नाही. समोरच्या भिंतीवर आमच्या दोघींची सावलीसुद्धा नव्हती, इतकं ऊन वरून येत होतं.

"उद्या निघायचं ना?" तिने विचारलं.

"हो. उद्या."

"मग तिकडे गेल्यावर कुठे बसू गो मी?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. रोज सकाळी चौपाटीवर नेईन, आपली चाळ पाडून टॉवर झाला की वरच्या मजल्यावर घर मागू, पुढच्या वर्षी पुन्हा इथेच आणीन. चौदा-पंधरा वर्षं मी हेच केलंय, समोरच्याला बरं वाटेल ते त्याने विचारायच्या आत तोंडावर आणून ठेवलंय. मी तोंड उघडलं, आणि ती माझ्याकडे बघत होती.

"माहीत नाही, आई," मी म्हणाले.

तिने माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"हे खरं बोललीस," ती म्हणाली.